दोन्ही वारसांच्या सह्या

आर्डिस ब्रेक्केची सही राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात जाऊन आली होती. शिक्षकांच्या पगाराच्या चेकवर ती असायची, विधवांच्या पेन्शनवर असायची, रस्त्यात जमीन गेलेल्यांच्या भरपाईवर असायची. सोळा वर्षांत अशा किती सह्या झाल्या, याचा आर्डिसने एकदा अंदाज काढला होता. एक कोटी दहा लाख. त्यांतल्या स्वतःच्या हाताने केलेल्या फार तर चार हजार. बाकीच्या तळमजल्यावरच्या यंत्रातल्या धातूच्या पट्टीने उमटवलेल्या. तिचा चेहरा मात्र फारसा कुणाला माहीत नव्हता. राजधानीची वस्ती जेमतेम अकरा हजार. तरी किराणा दुकानात आर्डिसने स्वतःचा चेक फाडला की काउंटरवरची मुलगी विचारायची, "ओळखपत्र आहे का काही?" आणि आर्डिस निमूटपणे गाडीचा परवाना काढून दाखवायची.

आमच्या राज्यात खजिनदार निवडून द्यावा लागतो. मतपत्रिकेवर राज्यपाल सगळ्यांत वर, खजिनदार जवळजवळ तळाशी. तिथपर्यंत येईतो मतदार कंटाळलेला असतो. पक्षाच्या रकान्यात फुली मारतो आणि मोकळा होतो. १९७० साली पक्षाला त्या ओळीसाठी एक नाव हवं होतं. आर्डिस तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. उत्तरेकडच्या एका छोट्या काउंटीची ती खजिनदार होती आणि त्याआधी गावच्या धान्यकोठारात हिशेब लिहायची. पक्षाचा माणूस फोनवर म्हणाला, "तुम्हाला फार काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं." ती उभी राहिली आणि निवडून आली. मग आणखी तीनदा आली.

राजधानीत तिने दोन खोल्या भाड्याने घेतल्या. चार वर्षांचा तर प्रश्न, म्हणून भिंतीला खिळे ठोकले नाहीत. सोळा वर्षांनंतरही तसबिरी भिंतीला टेकून जमिनीवरच उभ्या होत्या. झाडू मारताना ती एकेक बाजूला घ्यायची आणि परत जागेवर ठेवायची.

खजिनदाराच्या कामातला एक भाग लोकांना फारसा ठाऊक नसतो. ज्या खात्याला किंवा लॉकरला सात वर्षं कुणी हात लावत नाही, त्यातलं काही बँकेला ठेवून घेता येत नाही. ते राज्याकडे येतं, आणि राज्य म्हणजे खजिनदार. इमारतीच्या तळघरात एक जुनी तिजोरी आहे, खोलीएवढी. तिच्यात बंद पडलेली घड्याळं होती, लग्नाच्या अंगठ्या होत्या, एका काचेच्या बाटलीत दुधाचे दात होते, कोरियात मेलेल्या एका मुलाचं पदक होतं. प्रत्येक गोष्टीला पाकीट, पाकिटाला नंबर. तीन वर्षं वारसाची वाट बघायची. त्यानंतर विकण्याजोगं असेल ते लिलावात जातं आणि खाजगी कागदांचे यंत्रात घालून तुकडे करतात. पत्रं मोजायची, पण वाचायची नाहीत, असा नियम आहे. नोंद करणारा फक्त लिहितो: कागद, तीन, हस्तलिखित, वाचले नाहीत.

आधीचे खजिनदार वर्षातून एकदा वर्तमानपत्रात नावांची यादी छापायचे आणि तिथेच थांबायचे. आर्डिस यादी छापायची, पण शनिवारी गाडी काढून स्वतःही जायची. शेवटच्या पत्त्यावर कुणी नसेल तर शेजारी विचारायची, चर्चमध्ये विचारायची, पोस्टात विचारायची. एकदा एका म्हाताऱ्याने जाळीचं दार न उघडताच विचारलं, "काय विकताय?"

"काही नाही. मी राज्याची खजिनदार. तुमच्या भावाचं घड्याळ माझ्याकडे आहे."

"आणि ते सोडवायला मी किती भरायचे?"

"काहीच नाही."

"मग तुम्ही खजिनदार नाही," म्हातारा म्हणाला. "खजिनदार द्यायला येत नसतो."

पाऊण तासाने तो घड्याळ कानाला लावून बसला होता आणि आर्डिसच्या पुढ्यात कॉफी होती. दर घरी तिला कॉफी मिळायची, बहुतेक घरी केकही. माणसं रडायची, हसायची, मेलेल्यांच्या गोष्टी सांगायची. मग आर्डिस पावतीवर त्यांची सही घ्यायची आणि परत गाडीत बसायची. येताना रेडिओवर गव्हाचे भाव लागलेले असायचे. सोळा वर्षांत तिने अशी सहाशे बारा दारं वाजवली.

१९८३च्या डिसेंबरात, शेवटच्या दिवशी, एका बंद पडलेल्या बँकेतून बावन्न लॉकरांचा ऐवज आला. नोंदी क्लेटन होर्नर करत होता. क्लेटन आर्डिसचा सहायक, तिच्याहून दहा वर्षांनी लहान, नीटनेटका माणूस. त्याने एक कागद तिच्या टेबलावर ठेवला.

"आर्डिस, हे नाव तुमच्या घरातलं आहे का?"

गुनहिल्ड ब्रेक्के. तिची आई. लॉकर आहे हेच आर्डिसला माहीत नव्हतं. खाली क्लेटनच्या अक्षरात यादी होती: चांदीचा ब्रोच, एक. बाळाचा चमचा, एक. लिफाफा, एक, आत कागद, दोन, हस्तलिखित, वाचले नाहीत.

"फॉर्म भरून टाका," क्लेटन म्हणाला. "दहा मिनिटांचं काम."

"दोन्ही वारसांच्या सह्या लागतील."

नियम क्लेटनला माहीत होता. आर्डिसला भाऊ आहे, हे मात्र त्याला त्या दिवशी कळलं.

हार्लन तिच्याहून चार वर्षांनी लहान. वडिलांमागे शेत त्यानेच केलं आणि आईला त्यानेच सांभाळलं. आई ११ फेब्रुवारी १९७५ला गेली. आमच्या उत्तरेकडे फेब्रुवारीत जमीन पाच फुटांपर्यंत गोठलेली असते. कुदळ आपटली तर ठिणगी उडते. म्हणून हिवाळ्यात गेलेल्या माणसाची चर्चमध्ये प्रार्थना होते आणि पेटी दफनभूमीच्या कडेच्या दगडी कोठडीत ठेवतात. एप्रिलच्या अखेरीस जमीन मऊ झाली की दफन. लांबची माणसं एप्रिलमध्ये येतात आणि त्यांना त्यावरून कुणी नावं ठेवत नाही. आर्डिसने तेच केलं. विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. तिने फोनवर हार्लनला सांगितलं, "मी एप्रिलमध्ये येते." तो "बरं" म्हणाला.

एप्रिलमध्ये तारीख विचारायला तिने चर्चला फोन केला, तेव्हा तिथल्या बाई गोंधळल्या.

"कशाची तारीख?"

"आईच्या दफनाची."

"अगं, गुनहिल्डला तर फेब्रुवारीतच पुरलं. हार्लनने दोन दिवस कोळसा पेटवून जमीन वितळवून घेतली. तुला सांगितलं नाही त्याने?"

आर्डिसने त्यांचे आभार मानून फोन ठेवला. त्यानंतर तिने हार्लनला फोन केला नाही आणि त्यानेही केला नाही. असं करत अकरा वर्षं गेली.

लॉकर सापडल्यावर नियमाप्रमाणे हार्लनला दरवर्षी एक सूचना गेली. 'प्रिय नागरिक, आपल्या मालकीची असू शकेल अशी मालमत्ता राज्याकडे आहे.' खाली तिची सही. ८४ची आणि ८५ची सूचना यंत्रातूनच गेली. ८६च्या सूचनेवर आर्डिसने स्वतः पेन घेऊन सही केली. तिन्हींना उत्तर आलं नाही. ३१ डिसेंबर १९८६ला तीन वर्षं पूर्ण होत होती. त्यानंतर ब्रोच आणि चमचा लिलावात जाणार होता आणि आईचे दोन कागद यंत्रात. आर्डिसने त्या वर्षी निवडणूक लढवली नव्हती. जानेवारीत तिच्या खुर्चीत दुसरं कुणी बसणार होतं.

"सहाशे दारं वाजवलीत तुम्ही," क्लेटन नोव्हेंबरात एकदा म्हणाला.

"सहाशे बारा."

"मग आणखी एक वाजवा."

"त्या दारांमागची माणसं मला ओळखत नव्हती, क्लेटन."

क्लेटनने फॉर्म तिच्या पर्सशेजारी ठेवला आणि तो जेवायला गेला.

पंधरा नोव्हेंबरला, शनिवारी, ती निघाली. दोनशे चौदा मैल. बीटची काढणी संपली होती आणि ढिगांवर बर्फाची पातळ साय धरली होती. शेतावर पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. दार हार्लनच्या बायकोने, व्हर्नाने उघडलं. तिने आर्डिसकडे बघितलं, मग मागे गाडीकडे बघितलं.

"एकटीच आलीस?"

"हो."

"बूट काढून ये. फरशी ओली आहे."

हार्लन स्वयंपाकघरात टेबलाशी बियाण्यांचं पुस्तक उघडून बसला होता. केस सगळे पांढरे झाले होते. तो उठला नाही.

"व्हर्ना, चांगले कप काढ," तो म्हणाला. "खजिनदारबाई आल्यात. कराची पावती कुठे ठेवलीय बघ, मागतील."

"कर माझ्याकडे नसतो. तो महसूल खात्याकडे," आर्डिस म्हणाली.

"अजून तशीच आहे," हार्लन व्हर्नाला म्हणाला.

कॉफी आली. आमच्याकडे कितीही वाकडं असलं तरी कॉफी येते आणि पहिला कप हवामानावर जातो. बीटमध्ये यंदा साखर साडेसोळा टक्के निघाली. शेजारच्या नील्सनने शेत विकलं. पहिला बर्फ गेल्या वर्षीपेक्षा नऊ दिवस उशिरा पडला. व्हर्नाने दुसरा कप भरला, तेव्हा आर्डिसने फॉर्म टेबलावर ठेवला.

"पत्रं मिळाली तुझी," हार्लन म्हणाला. "तिन्ही. प्रिय नागरिक."

"ती यंत्रातून जातात."

"ते कळलं."

"शेवटच्यावर मी स्वतः सही केली होती."

"मी थुंकी लावून अंगठा घासला. शाई पसरली नाही."

"खरंच घासला," व्हर्ना म्हणाली. "इथेच बसून."

"बॉलपेन होतं," आर्डिस म्हणाली.

हार्लनने कप खाली ठेवला. "बॉलपेन. सोळा वर्षं राज्याचा पैसा सांभाळतेस आणि भावासाठी शाईचं पेन परवडलं नाही?"

व्हर्ना हसली. आपण एकटीच हसतोय हे लक्षात आल्यावर तिने ओट्याकडे तोंड फिरवलं.

"काय आहे त्यात?" हार्लनने विचारलं.

"ब्रोच, चमचा आणि दोन कागद. आईच्या अक्षरातले असावेत."

"काय लिहिलंय?"

"माहीत नाही."

"तीन वर्षं तुझ्या तळघरात आहेत आणि तुला माहीत नाही?"

"वाचायचे नसतात."

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"आणि वाचले नाहीस."

"नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. "हे मात्र मला खरं वाटतं," तो म्हणाला. मग बियाण्यांचं पुस्तक मिटून त्याने बाजूला सरकवलं. "फेब्रुवारीत का आली नाहीस?"

"अधिवेशन होतं. त्या आठवड्यात समितीपुढे..."

"रस्ता मोकळा होता. मी महामार्गवाल्यांना फोन करून विचारलं होतं."

"हो," आर्डिस म्हणाली. "मोकळा होता." तिने फॉर्मची कड टेबलाच्या कडेशी जुळवली. "मला वाटलं, एप्रिल आहे ना. एप्रिलमध्ये चार दिवस राहता येईल. घाईने येऊन प्रार्थनेला उभं राहायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं, असं मला तिच्या बाबतीत करायचं नव्हतं."

"मलाही वाटलं होतं, एप्रिल आहे." हार्लन टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. "प्रार्थना झाली आणि आम्ही तिला कोठडीत घेऊन गेलो. आत तीन पेट्या आधीच होत्या. कोठडी सांभाळणाऱ्या बर्गस्टॅडने आईच्या पेटीच्या कडीला तारेने पत्र्याचा बिल्ला बांधला. चार नंबर. म्हणाला, 'काळजी नको हार्लन, इथे कुणी हलवत नाही. वसंतात येऊन घेऊन जा.' आणि मला तू आठवलीस. नंबर लावायचा, ठेवून द्यायचं, कुणी येईल तेव्हा येईल. घड्याळांचं ठीक आहे, आर्डिस. आईला मी नाही ठेवू शकलो. घरी आलो आणि कोळसा मागवला."

"मला फोन का केला नाहीस?"

"तू म्हणालीस, एप्रिलमध्ये येते."

व्हर्नाने नळ उघडला आणि लगेच बंद केला.

हार्लनने चष्मा लावून फॉर्म वाचायला घेतला. दोन्ही बाजू, बारीक अक्षरांसकट. मध्ये एकदा थांबून त्याने विचारलं, "हे सातवं कलम काय? हक्कसोड."

"एका वारसाला आपला हिस्सा दुसऱ्याला द्यायचा असेल तर."

त्याने सातव्या कलमासमोर खूण केली आणि खाली सही केली. आर्डिसला ते उलट्या बाजूनेही दिसलं.

"हार्लन, मी त्यासाठी नाही आले. आपण दोघं मिळून उघडू. तू राजधानीला ये. नाहीतर मी पाकीट घेऊन इथे येते, परवानगी काढता येते त्याची."

"शेवटची सहा वर्षं रोज सकाळी मी तिचे मोजे चढवलेत," हार्लन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. बीटचे आकडे सांगितले होते तसंच हेही सांगितलं. "माझा हिस्सा मला मिळालाय. हा तुझा. घे."

त्याने गुलाबी प्रत स्वतःकडे ठेवली, वरची तिला दिली. निघताना व्हर्नाने बटाट्याच्या चार पोळ्या कागदात गुंडाळून आर्डिसच्या हातात दिल्या आणि दार धरून उभी राहिली. हार्लन खिडकीत आला नाही.

खजिनदाराला स्वतःचा दावा मंजूर करता येत नाही, म्हणून मंजुरीवर क्लेटनने सही केली आणि एक डिसेंबरला तिजोरीच्या खोलीत तोच साक्षीदार म्हणून उभा राहिला. ब्रोच आर्डिसला आठवत होता. चमचा कुणाचा, तिचा की हार्लनचा, ते कळायला मार्ग नव्हता. त्यावर दातांच्या खुणा होत्या. लिफाफ्यावर दोघांची नावं होती. कागद नॉर्वेजियनमध्ये होते. आर्डिसला ती भाषा स्वयंपाकघरापुरती येत होती आणि तीही चाळीस वर्षांपूर्वीची. पहिल्या कागदावर स्तोत्रांचे क्रमांक होते आणि माणसांची नावं. ते तिला कळलं. दुसऱ्यावर अर्धं पान मजकूर होता. त्यात आपलं नाव एकदा आलंय, एवढं तिने बघितलं.

वृद्धाश्रमात सोलेम नावाचे निवृत्त पाद्री राहायचे, शहाऐंशी वर्षांचे. आर्डिस दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेली. त्यांनी कागद डोळ्यांना जवळजवळ टेकवला.

"पहिला सोपा आहे. तीन स्तोत्रं. पेटी उचलायला पाच जण, आणि सहावा हार्लन सांगेल तो. दुसरा..." त्यांनी तो मनातल्या मनात एकदा वाचला, मग तर्जनी ओळीखाली ठेवून सावकाश सांगायला लागले. "मी हिवाळ्यात गेले तर मला ठेवा. घाई करू नका. त्या कोठडीची मला भीती वाटत नाही. आर्डिसला हिवाळ्यात कळवताना जपून कळवा, रस्ता वाईट असला तरी ती निघेल आणि मला ते नको. जमीन मऊ होऊ द्या. मला तुम्ही दोघं शेजारी शेजारी उभे हवे आहात. तोवर मी थांबेन." त्यांनी कागद खाली केला. "एकाहत्तर सालचं आहे हे. आई कधी गेल्या?"

"पंचाहत्तरमध्ये. फेब्रुवारीत."

"मग ठेवलं होतंत का?"

"नाही. हा कागद लॉकरमध्ये होता."

सोलेमनी मान डोलावली. "फार लोक हेच करतात. प्रार्थना कोणती म्हणायची ते लिहितात आणि बँकेत कुलूप लावून ठेवतात. आपण मेल्यावर ते कुलूप कोण उघडणार, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. माझ्या चर्चच्या मंडळीत असे निदान दहा तरी झाले." त्यांनी कागद परत देत विचारलं, "भावाला सांगाल?"

"ते त्याचंही आहे," आर्डिस म्हणाली.

पण ती अठरा दिवस काही बोलली नाही. रोज सकाळी कार्यालयात आल्यावर तिला वाटायचं, आज कागदाची नक्कल काढून पाठवून द्यावी. सोळा वर्षं तिने दुसरं काय केलं होतं? ज्याचं आहे त्याच्या हातात नेऊन द्यायचं. त्याला ते हवंय की नाही, हे दारात उभं राहून कधी विचारलं नव्हतं. मग तिला हार्लन कोळशाच्या गाडीशेजारी उभा दिसायचा, फेब्रुवारीच्या वाऱ्यात, दोन दिवस. आईसाठी त्याने केलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट होती आणि आईला ती नको होती. आर्डिसबद्दल लिहिलेलं वाक्यही तसंच. रस्ता वाईट असला तरी ती निघेल. रस्ता मोकळा होता आणि ती निघाली नव्हती. ते वाक्य तिने पुन्हा वाचायचं टाळलं.

वीस तारखेला, शनिवारी दुपारी, ती कार्यालयातली कपाटं रिकामी करत होती. क्लेटन घरी होता. फोन वाजला.

"सुट्टीच्या दिवशीही तिथेच असशील, असं व्हर्ना म्हणाली," हार्लनचा आवाज आला. "पैज ती जिंकली."

"आवराआवर चाललीय."

"उघडलंस का?"

"हो. ब्रोच तोच आहे, रविवारचा. चमचा आपल्यापैकी कुणाचातरी, दातांच्या खुणा आहेत."

"माझा असेल. तू चावायची नाहीस. कागद?"

"एकावर स्तोत्रं आहेत." तिने क्रमांक सांगितले.

"त्यातली दोन म्हटली आम्ही," हार्लन म्हणाला. तो खूश झालेला तिला कळलं. "न बघता. तिसरं नाही म्हटलं. आणखी?"

"पेटी उचलायला पाच जणांची नावं. सहावा तू सांगशील तो, असं लिहिलंय."

"मी व्हर्नाच्या भावाला घेतलं होतं." पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. "कागद दोन आहेत, आर्डिस. माझ्या गुलाबी प्रतीवर लिहिलंय. दोन."

"हो. दोन."

"मग दुसऱ्यावर काय आहे?"

दुसरा कागद तिच्यासमोरच होता, टेबलाच्या काचेवर. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "तो मला लिहिलाय."

"तुला."

"हो."

"फक्त तुला?"

"हो."

मागे व्हर्ना कसली तरी भांडी लावत होती.

"बरोबर आहे," हार्लन शेवटी म्हणाला. "मी रोज समोर असायचो. मला लिहून काय सांगणार होती."

"हो."

"तू लांब होतीस. तुलाच लिहिणार."

"हो, हार्लन."

"बरंच लिहिलंय का?"

"अर्धं पान."

"चांगलं लिहिलंय?"

"चांगलं लिहिलंय."

"मग झालं." त्याने घसा साफ केला. "व्हर्ना विचारतेय, नाताळला येणार का."

"रस्ता कसा असेल ते बघते."

"हो," हार्लन म्हणाला. "बघ रस्ता." आणि त्याने फोन ठेवला.

आर्डिसने फोन जागेवर ठेवला. त्याचं दुःख टाळायला गेली आणि तिने त्याला दुसरंच दिलं होतं: रोज सकाळी मोजे चढवणाऱ्या मुलाला आईने एक ओळही लिहिली नाही, आणि फोन करून एप्रिलमध्ये येते म्हणणाऱ्या मुलीला अर्धं पान. आत्ता फोन लावून खरं सांगितलं तर हे दुःख जाईल आणि ते दुसरं येईल. कुठलं लहान, हे तिला ठरवता येईना. एखाद्या आकड्यावर अडलं की ती क्लेटनला हाक मारायची. आज तो नव्हता.

तिने कागद घडी घालून लिफाफ्यात ठेवला. लिफाफ्यावर आईच्या अक्षरात दोघांची नावं होती, हार्लनचं आधी. खिडकीबाहेर गाड्या उभ्या करायच्या जागेत तिची एकटीची गाडी होती आणि तिच्या टपावर बर्फ साचायला लागला होता. उरलेली दोन कपाटं सोमवारी करावीत, असं तिने ठरवलं. मग सोमवारी क्लेटन असेल आणि भावाबद्दल विचारेल, हे आठवून तिने ती तेव्हाच करायला घेतली.